ट्रक डिस्पॅचरचं काम: देवगडच्या मुलांनी विचारलं म्हणून

यंदा मे महिन्यात देवगडला आले, तर सगळ्यांनी चौकशी केली ती माझ्या नोकरीची. "ताई, ते ट्रक डिस्पॅचरचं काम घरबसल्या मिळतं म्हणे?" वाडीतल्या मुलांनी विचारलं, कणकवलीच्या मावशीने भाच्यासाठी विचारलं. एकाने मोबाइलवर जाहिरातच दाखवली: एवढे हजार भरा, महिनाभरात शिका, डॉलरमध्ये कमवा. ती वाचून मला खरंच काळजी वाटली, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी शिकागोच्या बाहेर, जोलिएटच्या बाजूला एका छोट्या ट्रक कंपनीत डिस्पॅचर आहे, म्हणजे ट्रकसाठी माल शोधून त्यांच्या फेऱ्या ठरवते. रेल्वेने आलेले कंटेनर उतरवणारे प्रचंड यार्ड आणि नजर पोचेल तिथवर गोदामं, असा हा भाग. नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसामुळे मी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर इथे आले. ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्याला पोचली असेल तर २०१५ पासून एच-४ वाल्यांना कामाचा परवाना मिळू शकतो. तो हातात आल्यावर मी नोकरी शोधायला लागले. हे आधी सांगते, कारण डिस्पॅचर म्हणून एच-१बी मिळवून देतो असं कुणी म्हणालं तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. त्या व्हिसाला विशिष्ट विषयातली पदवी लागेल असं काम असावं लागतं, हे काम तसं नाही. आणि टुरिस्ट व्हिसावर येऊन नोकरी करणं सरळ बेकायदा आहे.

आता काम. गाडी कुठे रिकामी होणार ते बघायचं आणि तिथून जवळचा पुढचा माल शोधायचा, कारण रिकामी गाडी जितकी पळेल तितकं डिझेल अंगावर. डीएटी, ट्रकस्टॉप अशा लोड बोर्डांवर, म्हणजे मालाची यादी देणाऱ्या साइटवर, माल दिसतो. ब्रोकरशी, म्हणजे मालवाला आणि ट्रक कंपनी यांच्यातल्या दलालाशी, भाड्याची घासाघीस करायची, रेट कन्फर्मेशन, म्हणजे ठरलेल्या भाड्याचा लेखी कागद, आला की त्यातली ओळ न ओळ वाचायची, ड्रायव्हरला पत्ता, वेळ, वजन कळवायचं. माल उतरला की सही झालेली पावती मागवून बिलाला लावायची.

इथवर कुणालाही जमेल. कस लागतो तो ड्रायव्हरच्या तासांच्या हिशेबात. इथल्या कायद्याने सलग १० तास विश्रांती झाल्यावर ड्रायव्हरचे १४ तास सुरू होतात आणि त्यात तो जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवू शकतो. ८ तास चालवून झाले की अर्धा तास थांबावंच लागतं. गोदामाच्या दारात माल भरायची वाट बघण्यात ४ तास गेले, तरी ते १४ तास सरतच राहतात. सगळी नोंद इंजिनाला जोडलेल्या यंत्रात होते, तिथे मागचा-पुढचा आकडा लिहून चालत नाही. शिकागो ते डॅलस साडेनऊशे मैलांच्या आसपास, म्हणजे एकट्या ड्रायव्हरला दोन दिवस. ब्रोकर फोनवर कितीही गोड बोलला तरी "उद्या सकाळी पोचणार नाही" हे त्याला डिस्पॅचरनेच सांगायचं असतं. दमलेल्या माणसाच्या हातात ८० हजार पौंडांची, म्हणजे ३६ टनांची गाडी असते. एका भाड्यासाठी त्याचा जीव पणाला लावायचा नाही, हे मला या कामात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

गेल्या हिवाळ्यात आमची एक गाडी आइस्क्रीम घेऊन सॉल्ट लेक सिटीकडे निघाली होती. वायोमिंगमध्ये लॅरमी ते रॉलिन्सच्या पट्ट्यात वारा आणि बर्फामुळे आय-८० हायवे वरचेवर बंद होतो, तसा तो झाला. ड्रायव्हर पंजाबी, वयाने मोठा, तरी मला दीदीच म्हणतो. "दीदी, रोड बंद हो गया." त्याचे जेमतेम दीड तास उरले होते. त्या पट्ट्याच्या अलीकडच्या शायान शहरातले ट्रक स्टॉप संध्याकाळीच भरतात. मी एकेका ठिकाणी फोन करत गेले आणि एक जागा धरून ठेवली. मग ब्रोकरकडून नवी वेळ घेतली, तीही ईमेलवर, लेखी. आणि ड्रायव्हरला विचारलं, रीफरच्या टाकीत डिझेल किती आहे? माल थंड ठेवणाऱ्या मशीनची टाकी वेगळी असते. ती रात्रीत संपली तर सकाळी आइस्क्रीमचं पाणी.

आपल्याकडच्या मुलांना यात नवीन काय आहे? माझा चुलतभाऊ सीझनला बागायतदारांच्या हापूसच्या पेट्या गोळा करून वाशीला गाड्या सोडतो. संध्याकाळी भरलेली गाडी पहाटे मार्केटला लागलीच पाहिजे. रात्रभर त्याचा फोन सुरू: "गाडी खंय इली?" "तळेऱ्याक पोचलंय." कुठला ड्रायव्हर कशेडीत घाई करत नाही, येताना कुणाचं रिटर्न भाडं घ्यायचं, परशुराम घाटात दरड आली तर काय, सगळं त्याच्या डोक्यात असतं. कोकण रेल्वे १९९९ पासून कोलाड ते वेर्णा ट्रक वॅगनवर चढवून नेते, त्याचाही हिशेब तो करतो. पैसे भरून क्लास लावण्यापेक्षा अशा माणसाजवळ एक सीझन बसा. लोट्याच्या एमआयडीसीत टँकर लावणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे किंवा जयगड बंदराच्या वाहतुकीत उमेदवारी केलीत तरी चालेल. अमेरिकेतल्या तासांचे नियम सरकारच्या साइटवर फुकट वाचता येतात. नकाशा पाठ करा: सम नंबरचे मोठे इंटरस्टेट पूर्व-पश्चिम जातात, विषम नंबरचे उत्तर-दक्षिण.

भारतात बसून हे काम देणाऱ्या कंपन्या आहेत, पण ते रात्रीचं काम. शिकागोची सकाळी ८ ची वेळ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. नवख्याला सहसा ट्रॅकिंगला बसवतात: गाडी कुठे आहे, किती वाजता पोचेल, ब्रोकरला कळव. ते कमी समजू नका, मीही तिथूनच वर आले. स्वतःचं डिस्पॅच सुरू करा असं क्लासवाले सांगतात, तेव्हा एक गोष्ट सांगत नाहीत. ट्रक कंपन्यांसाठी परस्पर माल ठरवणं ब्रोकरच्या कामात मोडलं तर परवाना लागतो आणि ७५ हजार डॉलरची हमीही.

मुलाखतीत पगार ठरलेला आहे की नुसती टक्केवारी, हे स्पष्ट विचारा. भाड्याचा बाजार पडला की टक्केवारीत घर चालत नाही, सुरुवातीला ठरलेला पगारच मागा. सुट्ट्या अमेरिकेच्या कॅलेंडरने मिळतात, थँक्सगिव्हिंगला असेल, चतुर्थीला नसेल. गणपतीची रजा रुजू होण्याआधीच लिहून घ्या.