कोकणातल्या ३६ वर हसू नका

कोकणातून परत आल्यापासून गावात जो भेटते तो एकच विचारते, "काय वहिनी, समुद्राची हवा खाऊन आल्या म्हंता, मस्त गारवा असन ना तिकडं?" मी सांगते, बाप्पा गारवा कसला, जानेवारीचा शेवटचा आठवडा आणि रोज दुपारी ३५-३६ अंश, एक दिवस तर मोबाईल ३७ दाखवत होता. की समोरचा हसायलाच लागते. "३७ म्हंजे काय वं, आपण मे महिन्यात ४५ मध्ये शेतात ऱ्हातो." खरं आहे, विदर्भातल्या वरुड-मोर्शीकडच्या माणसाला ३७ चं काय कौतुक. पण तो आठवडा मी तिथं काढलाय आणि तिथल्या माणसांचे चेहरे पाहिलेत, त्यामुळे या हसण्यावर मला गप्प बसवत नाही.

माझा लहान भाऊ राजापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. आपल्याकडचे किती पोट्टे डी.एड. करून तिकडं नोकरीला लागले हे काही नवीन नाही, प्रत्येक गावात असं एखादं घर सापडतेच आणि दरवर्षी बदलीचे फॉर्म भरणंही चालूच असते. भावजय लेकराला घेऊन माहेराहून परत आली होती, म्हणून आईला तिच्याजवळ नेऊन सोडायचं होतं. संध्याकाळी बडनेऱ्याहून मडगावच्या गाडीत बसलो ते दुसऱ्या दिवशी दुपारी रत्नागिरीला उतरलो. निघालो तेव्हा इकडं सकाळी शेकोटीशिवाय हात चालत नव्हते, आईनं नातवासाठी लोकरीची टोपी, मोजे, स्वेटर सगळं विणून घेतलेलं. ते गाठोडं आम्ही होतो तोपर्यंत सुटलंच नाही, लेकरू झबल्यावर पंख्याखाली झोपत होतं.

गरमीपेक्षाही मला जास्त नवल वाटलं ते कोरडेपणाचं. याआधी गेले होते तेव्हा कोकण म्हणजे चिकचिक, टॉवेल दोन दिवस ओलाच, मिठाला पाणी सुटलेलं असं सगळं होतं. या वेळी लेकराचे लंगोट तासाभरात वाळून कडक, आईचे ओठ फुटले, अंगाला खोबरेल लावल्याशिवाय खाज थांबेना. म्हणजे हवा पूर्ण आपल्याकडची. आणि वारा सकाळपासून पूर्वेकडून, डोंगराकडून, वीटभट्टीजवळून जाताना लागते ना तशी झळ अंगावर घेऊन यायचा. समुद्र तिथून जवळ, गच्चीवरून दिसतो, पण त्याच्याकडून काहीच यायचं नाही.

भाऊ ज्या घरात राहतो त्या घरमालक काकांची हापूसची बाग आहे, सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ माळावर, कातळात. ते रोज अकरा वाजले की अंगणात येऊन पश्चिमेकडे तोंड करून उभे राहायचे. पहिल्या दिवशी मला कळेना की हे बघतात तरी काय. विचारलं तर म्हणाले, "वारा फिरतो का बघतोय. फिरतच नाय ओ ताई, घाटावरचा वारा धरून बसलाय."

मग रात्री जेवताना भावानं नीट समजावून सांगितलं, तो पोरांना खारे वारे मतलई वारे शिकवतोच शाळेत. रात्री जमीन लवकर थंड होते म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, ते मतलई. दिवसा जमीन तापली की उलटं, समुद्रावरून गार हवा आत येते, ते खारे वारे. हिवाळ्यात साधारण दुपारच्या आधीच ते सुटतात आणि एकदा सुटले की पारा तिथंच अडतो, पुढे चढत नाही. पण देशावरून, म्हणजे घाटावरच्या पठारावरून, येणारा पूर्वेचा, ईशान्येचा वारा जोरात असला की तो खाऱ्या वाऱ्याला किनाऱ्यावरच थोपवून धरतो, मग कधी दोन वाजतात, कधी तीन, तोवर ऊन आपलं काम करून गेलेलं असते. आणि ही हवा नुसती कोरडी नाही, ती घाट उतरताना तापते. कोरडी हवा १०० मीटर खाली आली की साधारण १ अंशानं गरम होते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथं दुपारी ३० असलं तर तीच हवा सह्याद्री ओलांडून खाली उतरेपर्यंत ३५ च्या पुढे जाते. उन्हानं तापते ते वेगळंच. म्हणून हिवाळ्यात कितीदा असं होते की अख्ख्या भारतातलं सगळ्यात जास्त तापमान रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावरच्या गावाचं असते आणि आपण बातमी ऐकून म्हणतो की काहीतरी चुकलं असन. काही चुकलेलं नसते. मुंबईत ४ डिसेंबर २०२४ ला सांताक्रूझला ३७.३ होतं, भर डिसेंबरात.

हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात एकच फिरून राहिलं, की हा वारा येते कुठून, तर आपल्याच बाजूनं. ज्या कोरड्या हवेत आपली तूर खळ्यावर छान वाळते, कापूस पांढराशुभ्र वेचला जातो, तिच्यासारखीच हवा पुढे डोंगर उतरून त्यांच्या मोहोरावर जाते.

काकांनी एक दिवस मला बागेत नेलं, मी संत्र्यावाली म्हटल्यावर त्यांनाही जरा बोलावंसं वाटलं असेल. सकाळचे दहा वाजले होते, तरी खालचा कातळ चपलेतून तापलेला कळत होता. त्यांनी मोहोराची एक काडी खाली वाकवली. वरचा अर्धा भाग तपकिरी, चिमटीत धरला की भुगा. खालच्या फाट्यांवर कणी, म्हणजे इवली फळं, धरलेली, मोहरीएवढी, काही वाटाण्याएवढ्या, पण त्यातल्या कितीतरी देठाजवळ पिवळ्या पडलेल्या, नुसतं बोट लागलं की हातात. मग त्यांनी खिशातून एक पांढरा कागद काढला, मोहोराखाली धरला आणि काडीवर दोनदा टिचकी मारली. कागदावर बारीक पिवळसर किडे वळवळायला लागले, डोळे बारीक केल्याशिवाय दिसत नाहीत इतके लहान. फुलकिडे. कोरडी गरम हवा मिळाली की यांचं फावते. झाडाखाली पाहिलं तर सगळीकडे वाळका मोहोर आणि हिरवी कणी सांडलेली, पाय कुठं ठेवावा कळेना.

आपल्या संत्र्याची फळगळ ज्यानं पाहिली आहे त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांची, फळं उन्हाळ्यात गळायला लागली की घरात दोन दोन दिवस कोणी धड बोलत नाही.

आणि हा पहिला मोहोर असते ना, त्याच्यावरच सगळं गणित असते. लवकरच्या मोहोराचा आंबा लवकर वाशी मार्केटला जातो आणि पेटीला खरा भाव त्यालाच, नंतर एप्रिल-मेमध्ये सगळीकडचा माल आला की भाव उतरतात. त्यासाठी खत, फवारण्या, बागेत राहणारी नेपाळी माणसं, त्यांचा पगार, सगळा खर्च आधीच होऊन बसलेला. काका एक गोष्ट प्रामाणिकपणे म्हणाले की ढगाळ हवेपेक्षा हे बरं, ढग आले की तुडतुडे किडे, भुरी-करपा रोग सगळं एकदम येते. ऊन पाहिजेच, पण ३० च्या आसपास आणि रात्री थंडी. इथं रात्री १८ आणि दुपारी ३६, एवढी वर-खाली झाडाला झेपत नाही.

मग पाणी द्या ना, हे मी सहज बोलून गेले, शेतकऱ्याच्या बाईच्या तोंडून तेच निघणार. झाडाला दीडशे-दोनशे लिटर, पंधरा दिवसांनी, असं कृषी विद्यापीठवालेही सांगतात म्हणे, दापोलीचे. पण सड्यावर पाणी आणायचं कुठून. ज्या मुलखात पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडते तिथं जानेवारीत बाग शिंपायला टाकी विकत आणावी लागते, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मला खरं वाटलं नसतं. जांभ्या दगडात पाणी थांबतच नाही. आपल्या काळ्या मातीचं मोल मला तिथं कळलं, आपला हरभरा पाण्याशिवाय नुसत्या ओलीवर घाटे धरते, तिथली जमीन ती ओल ठेवूच शकत नाही.

दुसरी भीती वणव्याची. गवत वाळून सोनेरी झालेलं, वारा पूर्वेचा जोरात, एखाद्यानं विडी टाकली तरी काजूच्या आणि आंब्याच्या बागा जातात. एका संध्याकाळी समोरच्या डोंगरावर धूर दिसला तर वाडीतली सगळी माणसं आग झोडपायला हिरव्या फांद्यांचे टाळे घेऊन पळाली, भाऊही गेला. दोन तासांनी काळे होऊन परत आले. बागेपर्यंत पोचला नाही एवढंच.

आता त्या ३७ चं सांगते. हवामान खात्याचाच नियम आहे, मैदानी भागात उष्णतेची लाट म्हणायला पारा निदान ४० पाहिजे, किनाऱ्यावर ३७ झालं आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असलं की लाट. म्हणजे त्यांचा ३७ आणि आपला ३७ सरकारदरबारीही एक नाही. २०२५ ला तर २५-२६ फेब्रुवारीला कोकणात उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता, जानेवारी-फेब्रुवारी हे खात्याच्या हिशेबानं हिवाळ्याचेच महिने. आपली घरं, आपली जेवणं, आपलं उन्हाळ्यातलं काम सगळं ४५ ला धरून बसलेलं आहे, माठ, कूलर, दुपट्टा, पहाटे शेतात जाणं. त्यांचं नाही. त्यांच्या झाडांचं तर नाहीच. उद्या आपल्याकडं जानेवारीत आठवडाभर रात्री १८-२० च्या खाली आल्या नाहीत तर आपण हसू का? २९ डिसेंबर २०१८ ला नागपूर ३.५ पर्यंत उतरलं होतं आणि सगळे कुडकुडत होते, पण थंडी पडली की गहू-हरभऱ्यावाला खूश असते हे आपल्याला माहीत आहे. गरम हिवाळ्यात गहू लवकर ओंबीवर येते, दाणा बारीक राहते. २०२२ च्या मार्चमधल्या उन्हानं उत्तरेतला गहू कसा चिमला आणि १३ मे ला निर्यात बंद करावी लागली, हे लय जुनं नाही. आणि संत्र्याचं काय, पाणी तोडून ताणावर सोडलेल्या झाडाला थंडी नीट मिळाली नाही तर फुलाऐवजी नवती फुटते, मग वर्षभर नुसता पाला पाहत बसा.

हे सगळं मी परवा आमच्या यांना सांगत होते. ते जास्त बोलत नाहीत, बागेत जाऊन पानं किती सुकली ते पाहून आले आणि म्हणाले, काकांचा नंबर दे. दोघांचं अर्धा तास बोलणं चाललं, एक आंब्यावर, एक संत्र्यावर, आणि ओळख नसताना.

काल भावाचा फोन आला की वारा फिरला, आता साडेअकरालाच खारं सुटते, दुपारी ३१ च्या वर जात नाही. काकांच्या पहिल्या मोहोराचं निम्मं गेलं. जे राहिलं ते वाटाण्याएवढं झालंय. आता थंडीची लाट येणार असं ऐकून राहिलो, तर त्याचीही त्यांना धास्तीच आहे, कारण पुन्हा थंडी पडली की त्याच काडीवर दुसऱ्यांदा मोहोर येतो, अन्न तिकडं जाते आणि आधी धरलेली कैरीही गळते. तो दुसरा मोहोर रोखायला जिब्रेलिक ॲसिड या संजीवकाची फवारणी घ्यावी लागते, ती घ्यायची की थांबायचं हे ते आजउद्याकडे ठरवणार आहेत.