चौदा पुंगळ्या

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठव असा ग्रुपवर मेसेज आला आणि मला दुसरं काही आठवेचना, भूगोलाचे सरच आठवले. कोण ते सांगायला नको, आपल्याकडे नुसतं 'सर' म्हटलं की तेच. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नका, शिकवलं सगळ्यांनीच.

१९८४ साल, मी आठवीत. एनडीए हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सिंहगडाच्या पायथ्याला लष्करी सराव आपल्याला नवे नव्हते. पाठीवर पिट्ठू, तोंडाला काळं फासलेलं, हेल्मेटच्या जाळीत डहाळ्या खोचून ती पोरं बांधाआड पालथी पडायची आणि आम्ही म्हशी घेऊन बरोब्बर तिथंच जायचो. एकदा मी एकाला म्हटलं, भैया, वो करवंद का फांदी है, काटा लगेगा. तो बिचारा हुं की चूं करेना, कारण शत्रूपार्टी पलीकडच्या ओढ्यात होती, आणि ती ओढ्यात आहे हे त्याला मीच ग्लुकोज बिस्किटाच्या एका पुड्यावर सांगितलं होतं. (त्याच्या आधी ओढ्यातल्यांना याचा पत्ताही मीच दिला होता, तिकडून शंकरपाळे मिळाले.)

पण खरा उद्योग पुंगळ्यांचा. सरावात खोट्या गोळ्या उडवतात, आवाज खऱ्यासारखाच, आणि मागे पडते ती पितळी पुंगळी. तिच्या तोंडावर ओठ टेकवून फुंकलं की अशी शिट्टी वाजते की कुत्री उठतात. आम्हाला काय माहीत की त्या रिकाम्या पुंगळ्यासुद्धा मोजून परत जमा कराव्या लागतात. रात्रीचा सराव झाला, आम्ही पहाटे जाऊन शेत साफ केलं, आणि दुपारी हवालदार साहेब थेट शाळेत. ग्यारह कम है मास्टरजी.

मला वाटलं आता छडी, मग आमच्या अण्णांना बोलावणं, मग घरी परत छडी. सरांनी कोणाचं नाव विचारलं नाही. खडूचा रिकामा खोका टेबलावर ठेवला, वर्गाकडे पाठ केली आणि फळ्यावर सिंहगड काढायला लागले. समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा. खालची मोठी रेषा, मग तिच्या आत दुसरी, मग तिसरी, इतक्या सावकाश की बास. बोलत होते ते फळ्याशीच, रेषा जवळ आल्या की चढ उभा, लांब गेल्या की सपाटी, १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पाणी कुठून कसं शिरलं ते अशाच रेषांवरून कळतं. मागे एकेक जण उठतोय, खोक्यात टण् टण् वाजतंय, सर वळत नाहीत. गडमाथ्याची शेवटची रेषा पूर्ण केली, हात झटकले आणि मग मागे बघितलं.

हवालदारांनी मोजल्या तर चौदा! नववीच्या पोरांनी दाराआडून ऐकून आदल्या वर्षीच्यापण आणून टाकल्या होत्या. हवालदारांचा चेहरा अकरा कमी असताना होता त्याहून पडला, अब ये तीन का मैं क्या करूं. वर्ग फुटला हसून. सरसुद्धा हसले, तेवढं एकदाच हसताना बघितले मी त्यांना.

दुसऱ्या दिवशी मला एकट्याला बोलावून त्यांनी ४७ एफ/१५ उघडून समोर ठेवला, आपल्या भागाचा सर्व्हेचा नकाशा. म्हणाले, दोन्ही पार्ट्या कुठे लपल्या होत्या दाखव. मी दाखवलं. आज सव्वीस वर्षं रस्त्यांच्या सर्व्हेत आहे, टोटल स्टेशन, डीजीपीएस ही मोजणीची यंत्रं, ड्रोन, सगळं हाताखाली, पण नकाशा वाचायला लागलो तो त्या टेबलावर.

सर गेले तेव्हा मी साइटवर होतो, यायला जमलं नाही. मागच्या महिन्यात कोथरूडहून मुलाला घेऊन गाडीने आलो तर ते बांधाचं शेत सापडेना, रिसॉर्टची भिंत आलीय तिथं. ओढा पाइपातून नेलाय. नकाशात अजून आहे.

त्या जास्तीच्या तीन पुंगळ्या हवालदार घेऊन गेले नव्हते, सरांनी स्टाफरूमच्या कपाटात, नकाशांच्या खणात टाकल्या होत्या. कार्यक्रमाआधी साफसफाई काढाल तेव्हा कोणीतरी बघा. एकीच्या बुडाला कानशीने घासलेली खूण आहे, ती माझी.