तुम्ही विचारलंत म्हणून: माझा आवडता सुमो पैलवान मंगोलियाचा तेरुनोफुजीच का?

सुमो न बघणारे मला हा प्रश्न विचारत नाहीत. त्यांना सगळे पैलवान सारखेच दिसतात. विचारतात ते सुमो बघणारे, आणि विचारताना त्यांच्या डोक्यात ओसाका, मार्च 2017 असतं. "एवढं झाल्यावरही तेरुनोफुजी?" हो, तरीही. आता एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी हेच वाचायला देता येईल.

पंधरा दिवसांच्या त्या स्पर्धेत तेराव्या दिवशी हारुमाफुजीशी लढताना किसेनोसातोच्या डाव्या खांद्याला आणि छातीला दुखापत झाली. जपानमध्ये जन्मलेला नवा योकोझुना (सुमोतलं सर्वोच्च पद) 19 वर्षांनी मिळालेला, आणि त्या पदावरची त्याची ही पहिलीच स्पर्धा. चौदाव्या दिवशी तो खांद्याला पट्ट्या बांधून आला आणि काकुर्यूने त्याला जवळजवळ उचलूनच बाहेर नेला. त्याच दिवशी तेरुनोफुजीसमोर कोतोशोगिकु होता. वय 33, ओझेकीपद (योकोझुनाच्या लगेच खालचा दर्जा) नुकतंच गेलेलं, ते परत मिळवायला 10 विजय हवेत आणि 5 पराभव आधीच खात्यात. लढत सुरू झाली आणि तेरुनोफुजी बाजूला सरकला. हेंका म्हणतात याला. कोतोशोगिकुचा सगळा जोर हवेत गेला, त्याच्याबरोबर ओझेकीपदाची आशाही. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. "मंगोलियाला परत जा" असंही कोणी ओरडलं. एका जपानी क्रीडादैनिकाने ते मथळ्यात घेतलं आणि टीका झाल्यावर काढून टाकलं.

मलाही ती हेंका आवडली नव्हती. आजही आवडत नाही. नियमात बसते, हे मला शिकवू नका. आपल्याकडे मातीच्या फडात अंगावर आलेल्याला चुकवून कुणी डाव टाकला तर लोक फेटे उडवतील. पण सुमोत वरच्या दर्जाच्या पैलवानाने अंगावर झेलावं अशी अपेक्षा असते, आणि तेरुनोफुजी ओझेकी होता.

मग आला शेवटचा दिवस. तेरुनोफुजी 13-1, किसेनोसातो 12-2. किसेनोसातोला करंडक जिंकायचा तर एकाच संध्याकाळी तेरुनोफुजीला दोनदा हरवायला हवं होतं, तेही डावा हात निकामी असताना. पुढचं तुम्ही पाठ केलंय: आधी ठरलेली लढत जिंकला, मग प्लेऑफ (बरोबरी झाल्यावरची निर्णायक लढत) जिंकला, राष्ट्रगीताच्या वेळी रडला. पण त्या पहिल्या लढतीची सुरुवात परत बघा. किसेनोसातो उजवीकडे उडी मारून सरकला. पंचाने सुरुवात रद्द केली. दुसऱ्यांदा तो डावीकडे सरकला. समोरच्याचे दोन्ही गुडघे पट्ट्यांत. हुर्यो सोडाच, लोकांचा आनंद छताला लागला होता.

"अहो, तो जखमी होता!" बरोबर. आणि तेरुनोफुजी? सप्टेंबर 2015, तेरावा दिवस. त्याचा उजवा गुडघा गेला तो किसेनोसातोशीच लढताना. तरी शेवटच्या दिवशी तो उभा राहिला, काकुर्यूला हरवून प्लेऑफ ओढून आणला आणि प्लेऑफमध्ये हरला. ओसाकाची तीच गोष्ट, फक्त शेवट उलटा. ती किती जणांना आठवते? त्या गुडघ्याने पुढे त्याला सुखाने लढू दिलं नाही, हे मात्र हेंकाचा हिशेब करताना कुणी धरत नाही.

इथे मला गप्प करता येईल असा मुद्दा तुमच्याकडे आहे, तो मीच देते. त्या रविवारी मी किसेनोसातोसाठीच ओरडत होते. 2017 सालची मी आज समोर बसली तर म्हणेल, "जरा तरी लाज बाळग, तो एका हाताने लढला." मी तिला सांगेन की त्या एका हाताची किंमतही बघ. पुढच्या सलग आठ स्पर्धा त्याने पूर्ण किंवा अर्धवट सोडल्या. जानेवारी 2019 मध्ये पहिल्या तिन्ही लढती हरून तो निवृत्त झाला, वय 32. आपण टाळ्या वाजवल्या त्या कशाला? ती म्हणेल, हे तुला आता कळतं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि ती गप्पही बसत नाही.

तेरुनोफुजीचं त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे, तरी उगाळते, कारण माझं उत्तर तिथेच आहे. गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया, मधुमेह, यकृताचा आजार. ओझेकीपद गेलं, मग पगारी दर्जाही गेला. सोडतो म्हणून गुरूंकडे पुन्हा पुन्हा गेला, इसेगाहामांनी सोडू दिलं नाही. मार्च 2019 मध्ये, किसेनोसातो निवृत्त झाल्यावर दोनच महिन्यांनी, पुन्हा ओसाकातच तो जोनिदानमध्ये उतरला. खालून दुसरा गट. सकाळची वेळ, रिकाम्या खुर्च्या, पोरासोरांशी लढती. इतका खाली घसरलेला माजी ओझेकी त्याआधी कुणी पाहिला नव्हता. सातही लढती जिंकला आणि प्लेऑफ हरला (त्याचे प्लेऑफ हा वेगळाच विषय आहे). जुलै 2020 मध्ये वरच्या गटात परतला तो तळाच्या क्रमांकावर, माएगाशिरा 17, आणि थेट करंडक घेऊन गेला. 2021 मध्ये 73 वा योकोझुना.

यावर नेहमी ऐकू येतं, "म्हणजे हेंकाचं पाप फिटलं म्हणतेस?" नाही. कोतोशोगिकु परत ओझेकी झाला नाही, ते कशानेच फिटत नाही. मी तेरुनोफुजीला सज्जन म्हणतच नाही. ओझेकी असताना तो कसा मग्रूर वाटायचा, हे मी तुमच्याइतकंच पाहिलंय. फक्त एकाच डावाला शनिवारी शिव्या आणि रविवारी डोळ्यांत पाणी, यातलं रविवारचं पाणी माझंही होतं म्हणून शनिवार विसरायचा, हे मला जमत नाही.

आता किसेनोसातोचा शिष्य ओनोसातो 2025 मध्ये योकोझुना झालाय आणि तो मला फार आवडतो. यावरूनही तुम्ही विचारणार आहातच. विचारा. तेही लिहीन, पण यावेळी आधी 2015 चं ते प्लेऑफ बघून या.