आधीच्या मालकाचं काम

आज गॅरेजात खोटं बोललो. फार मोठं नाही. पण बडीशेपेचा दाणा दातात अडकावा तसं दुपारपासून सलतंय.

पद्मिनीचं रजिस्ट्रेशन संपत आलंय. 1986 ची गाडी, पहिली पंधरा वर्षं झाल्यापासून दर पाच वर्षांनी ही वारी आहेच. 2021 ला 600 रुपयांत भागलं होतं, पुढच्याच वर्षी फी 5000 झाली, आता त्याहूनही वर. (त्यावरून घरात जे झालं ते इथे नको.) पासिंगआधी एकदा दाखवून घ्यावी म्हणून नेली. गॅरेजातल्या पोराने बॉनेट उघडलं, वाकला, आणि इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावरून चिमटीत धरून एक चिंधी वर काढली. तेलाने काळी झालेली, काठाला जेमतेम हिरवी.

"काका, हे कोणी बांधलंय?"

माझ्या तोंडून गेलं, "आधीचा मालक असेल."

आधीचा मालक! कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाल्यापासून ही गाडी आमच्याखेरीज कोणाच्या नावावर नव्हती. तो हसला. मीही हसलो. खोटं एक वेळ ठीक, पण हसायची काय गरज होती?

पहिली पट्टी खंबाटकीत बांधली गेली. मे महिना, मागच्या सीटवर आजी आणि पायाशी आंब्याची पेटी. निम्म्या घाटात गाडीने आचके दिले आणि बसली. या गाडीचा पंप इंजिनालाच चिकटलेला. चढावर इंजिन तापलं की पंपातच पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ काही त्याला पुढे ढकलता येत नाही. बाबांनी काही न बोलता आईपुढे हात केला. भाकरी बांधलेलं जुन्या साडीचं फडकं होतं, त्याची टर्रकन पट्टी फाडली, पंपाला गुंडाळली, वर प्यायचं पाणी ओतलं. मग दगडावर बसून राहिले. आजी म्हणाली, "तापात कपाळावर ठेवतो तसं केलंस की रे." दहा मिनिटांनी दुसऱ्या सेल्फला सुरू.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात नवी पट्टी. टाकी झिरपली की भोकावर साबणाची वडी घासायची, रेडिएटर गळला की त्यात हळद. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधलं अंतर दुमडलेल्या पोस्टकार्डाने मोजायचं. त्यासाठीचं माप, फीलर गेज, होतं घरी, पण बाबांचा विश्वास पोस्टकार्डावर. शाळेच्या फाटकाशी ते बॉनेट उघडून उभे राहिले की मी चार पावलं लांब... जाऊ दे.

पण आजची चिंधी त्यांची नव्हतीच. दोन उन्हाळ्यांपूर्वी मीच बांधली होती, आईच्या साडीची. मग लाज वाटली ती कोणाची? बाबांची म्हणावी तर ते तिथे नव्हते. माझी म्हणावी तर मी हसत होतो.

आणि हे सगळं माझ्याच वाट्याला का? पीयूसी मी काढायची, इन्शुरन्स मी भरायचा, आरटीओत रांगेत मी. दादाला तिकडे बसून फक्त फोटो हवेत. "विकू नकोस हं." नाही विकत, बाबा.

संध्याकाळी गाडी आणली. पार्किंगमध्ये बॉनेट उघडून पाहिलं. पंपाला आणि पेट्रोलच्या पाइपला चकचकीत काहीतरी गुंडाळलंय, वर पांढऱ्या प्लास्टिकच्या टायने आवळलंय. बोट लावलं, चुरचुरलं. डब्यात पोळ्या गुंडाळतो तीच फॉइल! बिलात मात्र "हीट शील्ड". मी एकटाच तिथे उभा राहून हसलो, वॉचमन बघत होता.

बाबांनी बघितलं असतं तर एवढंच विचारलं असतं, पाणी कुठे ओतायचं यावर?

चिंधी त्याने तेलाच्या पिंपाशेजारी टाकलेली मी पाहिली होती. अजून तिथेच असेल. सकाळी जाऊन आणता येईल. पण आधीच्या मालकाची चिंधी मला कशाला हवी, हे त्या पोराला काय सांगू?