६० टक्क्यांची स्लाइड

फुप्फुसाच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमाची सुईने घेतलेली बायोप्सी, दुसऱ्या मतासाठी आलेली. मेणात बसवलेल्या ऊतकाचा ब्लॉक, एच अँड ई या नेहमीच्या रंगाची स्लाइड आणि कर्करोगाला प्रतिकारशक्तीपासून लपवणाऱ्या पीडी-एल१ या प्रथिनासाठी २२सी३ अँटिबॉडीने रंगवलेली स्लाइड. सोबतच्या रिपोर्टवर टीपीएस ६० टक्के, म्हणजे शंभरातल्या ६० ट्यूमर पेशींच्या मेम्ब्रेनवर (आवरणावर) हे प्रथिन. आकडा ५० वर गेला की केमो टाळून नुसतं पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं इंजेक्शन सुरू करता येतं. कीनोट-०२४ चाचणीत याच गटातले साधारण ३२ टक्के रुग्ण ५ वर्षांनी हयात होते, केमोच्या बाजूचे १६ टक्के. म्हणून ५० ची रेघ ओलांडताना हात जरा आखडतोच.

आधी टॉन्सिलचा कंट्रोल, म्हणजे रंगाची खात्री करायचा नमुना, पाहिला. क्रिप्टचं (खाचेचं) एपिथेलियम गडद, जर्मिनल सेंटरमध्ये फिकट, जसं हवं तसं. रंग नीट उतरला होता. ४०च्या लेन्सवर मात्र खटकलं. सगळ्यात गडद पेशी ट्यूमरच्या ग्रंथींत नव्हत्याच, शेजारच्या हवेच्या पोकळ्यांत सुट्या पडल्या होत्या. अंग फेसाळ, केंद्रक लहान नि घेवड्याच्या दाण्यासारखं, पोटात काजळीचे कण. अल्व्हिओलर मॅक्रोफेज, फुप्फुसातल्या सफाई पेशी! त्यांच्यावरही पीडी-एल१ असतं, पण टीपीएसमध्ये त्यांना जागा नाही. ग्रंथींच्या आतही त्या घुसल्या की भल्याभल्यांची फसगत होते.

ऊतक जेमतेम होतं आणि ईजीएफआर या जनुकाची तपासणी बाकी होती. टेक्निशियनला बजावलं, ब्लॉक जास्त ट्रिम करू नकोस. ४ मायक्रॉनचे लागोपाठ दोनच छेद घेतले: एकावर फुप्फुसाच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमाच्या पेशी दाखवणारं टीटीएफ-१, दुसऱ्यावर मॅक्रोफेज दाखवणारं सीडी६८. त्या तपकिरी पेशी सीडी६८ला पॉझिटिव्ह, टीटीएफ-१ला साफ निगेटिव्ह.

मग मोजणी. मेम्ब्रेनवर रेघ अर्धवट वा फिकट असली तरी ती पेशी धरायची. नुसतं सायटोप्लाझम तपकिरी असेल तर सोडायची. ट्यूमर पेशी २४० मिळाल्या. शंभराच्या आत असत्या तर आकडाच देता आला नसता. पॉझिटिव्ह १९. टीपीएस ८ टक्के.

चार दिवसांनी ईजीएफआर आलं: एक्सॉन १९ डिलीशन, म्हणजे जनुकाचा एक छोटा तुकडा गळालेला. अशा रुग्णाला पहिली या बदलावर नेमकी काम करणारी ऑसिमर्टिनिबची गोळी, पीडी-एल१ कितीही असो. आधी इम्युनोथेरपी देऊन पाठोपाठ ही गोळी दिली तर फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. ऑन्कॉलॉजिस्टना फोन लावला. पेम्ब्रोलिझुमॅबच्या इंजेक्शनची तारीख परवाची होती.