बीएमटीनंतरचे जुलाब: निदान होईपर्यंतचा माझा अनुभव

लेकीच्या बीएमटीला, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांटला (अस्थिमज्जा प्रत्यारोपण), तीन आठवडे उलटून गेले होते. रक्तपेशींचे काउंट्स वर यायला लागले होते, तोंडातले फोड बरे झाले होते, आणि नेमके तेव्हाच जुलाब सुरू झाले. हिरवट, नुसतं पाणी. डोनर तिचा सख्खा भाऊ, एचएलए (डोनरची जुळणी ठरवणाऱ्या पेशींवरच्या खुणा) पूर्ण जुळलेलं. त्यामुळे घरचे धीर द्यायचे, "भावाचंच आहे ना, मग काही होणार नाही." पण भावंडाच्या पेशींमुळे जीव्हीएचडीचा, म्हणजे डोनरच्या पेशींनी पेशंटच्याच शरीरावर हल्ला करण्याचा, धोका फक्त कमी होतो, संपत नाही.

डॉक्टरांनी त्याच दिवशी समजावलं की जुलाब एक असले तरी कारणं बरीच असू शकतात. डोनरच्या पेशी आतड्यावर हल्ला करत असतील, तर तो जीव्हीएचडी. एखादा विषाणू किंवा जिवाणू असू शकतो. आधीच्या केमोने सोललेलं आतडं अजून भरलं नसेल. शिवाय ती घेत असलेल्या मायकोफेनोलेटनेही जुलाब होतात, आणि ते औषध जीव्हीएचडी होऊ नये म्हणूनच दिलेलं, त्यामुळे सहज बंदही करता येत नाही. खरी अडचण उपचारांची होती: जीव्हीएचडी असेल तर जास्त डोसमध्ये स्टेरॉइड, आणि इन्फेक्शन असेल तर तेच स्टेरॉइड अंगावर उलटणार.

माझ्या वाट्याला मोजमाप आलं. मुलांमध्ये आतड्याच्या जीव्हीएचडीची स्टेज वजनाच्या हिशोबाने ठरते. किलोमागे दिवसाला १० मिलीपासून स्टेज १, २० पासून स्टेज २, आणि ३० च्या वर स्टेज ३. पोटात फार दुखू लागलं किंवा उघड रक्त पडू लागलं, की स्टेज ४. लेक १६ किलोची, म्हणजे ३२० मिलीला दुसरी पायरी लागते. मुलींच्या बाबतीत लघवी मिसळली की आकडा खोटा ठरतो, म्हणून आधी लघवीला बसवायचं, मग भांडं बदलायचं. तिला घाई असायची, मला भांड्याची. डायपर असेल तर कोऱ्या डायपरचं वजन वजा करायचं. रात्री अर्धवट झोपेत ती विचारायची, "आई, किती झालं गं?" वहीत ४०० च्या आसपास आकडे दिसू लागले तसे राउंडला येणारे डॉक्टर आधी वही मागू लागले.

स्टूलमध्ये सी. डिफिसिल हा जिवाणू आणि ॲडिनो, रोटा, नोरो हे विषाणू, सगळं तपासलं, काही सापडलं नाही. सीएमव्ही या विषाणूसाठी केलेली रक्ताची पीसीआर तपासणीही निगेटिव्ह. सोनोग्राफीत आतड्याची भिंत थोडी जाड, एवढंच. कुणी "रिपोर्ट नॉर्मल आले, छान झालं" म्हटलं की मला चीड यायची. पोरगी तर सुकत चालली होती.

शेवटी बायोप्सी ठरली. त्यासाठी प्लेटलेट ५०,००० च्या वर हवे होते, म्हणून आधी प्लेटलेट चढवले. भूल देऊन खालूनच दुर्बीण घातली. लहान मुलांत, प्लेटलेट कमी असताना, लहान आतड्याच्या सुरुवातीचा तुकडा घेतला तर भिंतीत रक्त साकळण्याचा धोका असतो, म्हणून वरून जायचं टाळलं. दुर्बिणीतून आतडं जवळपास नॉर्मल दिसलं. पण डोळ्यांना नॉर्मल दिसणाऱ्या आतड्यातही जीव्हीएचडी असू शकतो, म्हणून तुकडे घ्यावेच लागतात. रिपोर्टची वाट न पाहता त्याच संध्याकाळी स्टेरॉइड सुरू केलं, किलोमागे २ मिलिग्रॅम.

रिपोर्टमध्ये आतड्याच्या ग्रंथींमधल्या पेशी एकेक करून मरताना दिसल्या होत्या. हेच चित्र सीएमव्हीत आणि मायकोफेनोलेटनेही दिसतं, त्यामुळे खाली ओळ होतीच: 'इतर लक्षणांशी जोडून पाहावे'. रक्तात सापडला नाही तरी सीएमव्ही आतड्यात लपलेला असू शकतो, म्हणून तुकड्यावर वेगळी तपासणी केली, तीही निगेटिव्ह. एव्हाना तळहातांवर लाल पुरळ उठलं होतं. सगळं जुळवून जीव्हीएचडी हे निदान पक्कं झालं, आणि आठवड्याभरात वहीतले आकडे उतरू लागले.

स्टेरॉइड कमी करत असताना एकदा आकडा पुन्हा चढला. जीव्हीएचडी उलटला असं धरून डोस वाढवण्याआधी डॉक्टरांनी स्टूल परत पाठवलं. नोरोव्हायरस निघाला. डोस वाढवला नाही.