मॅटर बोर्डावर आहे

परवा दुपारी पाणी सुटलं आणि मला कळलंच नाही. सोलापूरच्या माणसाला पाणी सुटलेलं कळत नाही म्हणजे काय, ते इथल्यांना वेगळं सांगायला नको. चार-चार दिवस वाट बघायची आणि नळ फुरफुरला की हातातला घास टाकून मोटर लावायला पळायचं. पण मी मोबाईलमधे मान घालून बसलेलो. कुठल्याशा हायकोर्टात एका पुढाऱ्याच्या निवडणुकीचं मॅटर चालू होतं (नाव सांगत नाही, तुम्ही वाचेपर्यंत त्यात अजून दोन स्टे आलेले असतील) आणि मी मिनिटामिनिटाला रिफ्रेश मारत होतो. वकील उभे राहिले. जजसाहेबांनी काहीतरी विचारलं. जेवणाची सुट्टी झाली. बायको आतून ओरडली, "अहो, मोटर!" तोवर धार करंगळीएवढी. आणि एवढं करून तिकडं झालं काय, तर निकाल राखून ठेवला.

नाद आहे, मान्य. त्यात आपल्या मराठी बातम्यांमधल्या हायकोर्टाला कामं मोजून पाच. दणका देणं, दिलासा देणं, ताशेरे ओढणं, कान टोचणं आणि उरलेल्या वेळात खडे बोल सुनावणं. मग रात्री ऑर्डर अपलोड झाली म्हणून उघडावी तर दीड पान, ताशेऱ्यातला त सुद्धा नाही, नुसतं प्रतिज्ञापत्र दाखल करा आणि तीन आठवड्यांनी ठेवा. तोंडी बोललेलं हवेत जातं, राहतं ते कागदावरचं, हे कळायला मला वर्षं गेली, आणि कळूनही दणक्यावर क्लिक करतोच.

27 जून 2019 ला मराठा आरक्षणाचा मुंबई हायकोर्टातला निकाल आला तेव्हा मी सात रस्त्याला चहाच्या गाडीवर होतो. पहिला मेसेज टिकलं, दुसरा मेसेज कमी केलं, आणि आम्ही पाच-सहा जण, त्यातले तिघं तर एकमेकांना ओळखतही नव्हते, कप हातात धरून हिशोब करतोय की 16 टक्क्यांचे शिक्षणात 12 आणि नोकरीत 13 म्हणजे मिळालं का गेलं. चहावाला गाळणी झटकत म्हणाला, "वर जातंय की बे हे." त्याला कायदा कुणी शिकवला माहीत नाही, पण 5 मे 2021 ला सुप्रीम कोर्टानं ते सगळंच रद्द केलं.

आमच्या घरात हायकोर्ट आलं ते मात्र बांधावरून. आज्जाच्या शेताच्या बांधाची केस इथलं कोर्ट संपवून मुंबईला गेलेली. वकिलाचं कार्ड यायचं, 'मॅटर बोर्डावर आहे', म्हणजे सुनावणीच्या यादीत लागलंय, की अप्पा मिलमधून रजा टाकून रात्रीच्या गाडीनं मुंबईला. आज्जी वकिलासाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून द्यायची, जुन्या धोतराच्या फडक्यात, गाठ अशी की मुंबईच्या माणसाला ती दातानंच सोडवावी लागावी. दोन दिवसांनी अप्पा परत. हातात रिकामं फडकं. "आपला नंबरच लागला नाही." भाकरी तेवढी पोचलेली असायची.

12 जून 1975. मी आठ वर्षांचा. अप्पांनी संध्याकाळच्या बातम्या लावलेल्या, रेडिओतून उच्च न्यायालय, निकाल असं काहीतरी ऐकू आलं आणि आज्जीचं ज्वारी पाखडणारं सूप हातातच थांबलं.

"लागला का रं निकाल?"

"आपला नव्हं आई. अलाहाबादचा. इंदिराबाईंचा."

"कवा घातली हुती केस?"

"राजनारायणनी घातली. एकाहत्तरला."

आज्जीनं बोटं मोजली. आमची त्याच्या आधीची. "मग त्यांचा आधी कसा लागला?"

अप्पांनी रेडिओचा आवाज वाढवला.

रायबरेलीत याच राजनारायणांना लाखावर मतांनी हरवून निवडून आलेल्या पंतप्रधानांची निवडणूक न्या. जगमोहनलाल सिन्हांनी रद्द केली, ती कशापायी, तर इंदिराबाईंचे मदतनीस यशपाल कपूर सरकारी नोकरीत असताना प्रचाराचं काम बघत होते आणि सभांची स्टेजं, लायटी सरकारी अधिकाऱ्यांकडून करून घेतल्या, हे मी फार नंतर वाचलं. तेरा दिवसांत आणीबाणी आली. आमच्या घरात मात्र बरेच दिवस एकच चर्चा, आपण पण अलाहाबादलाच घालायला पाहिजे होती.

आता 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय, आपला जिल्हा त्यात आहे, म्हणजे मुंबईची रात्रीची गाडी टळली. भाकरी आता कोल्हापूरला.

आमचा निकाल लागला तो आज्जी जाऊन आठ महिने झाल्यावर. आमच्या बाजूनं. अप्पांनी कार्ड दोनदा वाचलं, रेडिओखाली सरकवलं आणि डबा घेऊन मिलला गेले. त्या बांधावर आता लिंबाचं मोठं झाड झालंय. ते कुणाच्या हद्दीत येतं ते ऑर्डरीत कुठंच नाही, मी वाचून बघितलीय.